उन्हाची नक्कल

पुण्याच्या रस्त्यांवर भर दुपारी डोळ्यांखेरीज सगळा चेहरा ओढणीत गुंडाळून आणि कोपरापर्यंत हातमोजे चढवून दुचाकीवरून जाणाऱ्या तरुणी ज्याने पाहिल्या आहेत, त्याला त्याच शहरातील प्रसाधनांच्या दुकानांत उन्हाने रापल्याचा आभास निर्माण करणारी पूड चांगल्या किमतीला खपते असे सांगितले, तर त्याचा सहजासहजी विश्वास बसणार नाही. तथापि वस्तुस्थिती तशी आहे. ब्रॉन्झर या नावाने ओळखला जाणारा हा जिन्नस, मग तो डबीत दाबून बसवलेल्या पुडीच्या रूपात असो, मलमासारखा मऊ असो की कांडीच्या आकाराचा असो, आपल्याकडील लग्नसमारंभांच्या रंगभूषेत आणि नोकरदार स्त्रियांच्या रोजच्या पेटीतही रुजू झाला आहे. मात्र तो बाळगणाऱ्यांपैकी पुष्कळांना त्याचे नेमके प्रयोजन उमगलेले नसल्यामुळे कोणी त्याने गाल खोल दाखवू पाहते, कोणी सगळे तोंड त्याने माखून घेते, आणि कोणी ‘आम्ही मुळातच सावळ्या, आम्हांला याचा काय उपयोग’ असे म्हणून डबी मिटून ठेवते. चेहऱ्यावर ऊन कोठे पडले असेल याची हलकीशी सूचना देणे, एवढेच ब्रॉन्झरचे काम आहे. वर्ण पालटणे हे त्याचे काम नव्हे, आणि हा भेद एकदा ध्यानात आला म्हणजे तो कोठे लावावा, किती लावावा व कोणत्या छटेचा घ्यावा हे प्रश्न बव्हंशी आपोआप सुटतात.

ही नक्कल करण्याची इच्छा ज्या युरोपात जन्मली, तेथेही ऊन ही फार काळ प्रतिष्ठेची वस्तू नव्हती. शेतात राबणाऱ्याची कातडी रापते आणि वाड्यात बसणाऱ्याची पांढरी राहते, हा हिशेब तेथे आपल्याइतकाच पक्का होता. इतका की सोळाव्या शतकातील इंग्लंडच्या दरबारी स्त्रिया शिशाच्या पांढऱ्या क्षाराचा विषारी लेप चेहऱ्याला लावून, त्याने त्वचेची होणारी नासाडी पत्करून, पांढरेपण मिरवीत असत. पुढे कारखानदारी वाढली, कष्टकरी वर्ग शेतातून उठून गिरण्यांत आणि खाणींत शिरला, धुराने झाकोळलेल्या शहरांतून उन्हावाचून वाढणारी त्याची मुले मुडदुशीने वाकड्या पायांची होऊ लागली, आणि मग पांढऱ्या कातडीचा जुना अर्थ हळूहळू पालटू लागला. त्याला वैद्यकाचाही दुजोरा मिळाला. डेन्मार्कच्या नील्स फिन्सेनने प्रकाशकिरणांच्या योगे त्वचेचा क्षय बरा करण्याची पद्धती बसवली व त्याबद्दल त्यास १९०३ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले. त्याच वर्षी ऑगुस्त रोलिए या वैद्याने स्वित्झर्लंडमधील लेझँ या डोंगरी गावी क्षयरोग्यांना उन्हात निजवून उपचार करणारे रुग्णालय काढले. आणि १९१९ साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्कीने मुडदूस झालेल्या मुलांवर अतिनील किरणांच्या दिव्याचा प्रयोग करून त्यांची हाडे सुधारतात असे दाखवून दिले. ऊन हे औषध ठरले, आणि औषध ठरलेल्या गोष्टीची शोभा व्हायला श्रीमंतांच्या जगात वेळ लागत नाही.

फॅशनच्या इतिहासात एक आख्यायिका नेहमी सांगितली जाते, ती अशी की १९२३ साली कोको शानेल ही विख्यात वस्त्ररचनाकार भूमध्य समुद्रातील नौकाविहार आटोपून कान येथील बंदरावर उतरली तेव्हा तिची कातडी उन्हाने रापलेली होती, आणि ती पाहून सगळ्या पॅरिसला रापण्याची हौस लागली. एका स्त्रीच्या एका सहलीवर इतिहासाचा एवढा बोजा टाकणे मला रुचत नाही. वर सांगितलेला वैद्यकाचा पाठिंबा, दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्याकडे धावणाऱ्या ऐषारामी आगगाड्या, आणि गिरणीच्या काळोखात अडकलेला मजूर पांढरा व रिकामपण परवडणारा धनिक तांबूस, असा उलटा झालेला सामाजिक हिशेब, या सगळ्यांनी मिळून ती हौस तयार केली होती. १९२७ साली झाँ पातू या दुसऱ्या वस्त्ररचनाकाराने उन्हात लोळताना अंगाला चोळावयाचे सुगंधी तेल बाजारात आणले. १९३६ साली फ्रान्सच्या सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा देणारा कायदा केला, तेव्हा आजवर धनिकांचा असलेला समुद्रकिनारा गिरणीकामगारांनीही गजबजू लागला. आणि लॉरेआल कंपनीचा संस्थापक यूजेन श्यूलर याने ‘आंब्र सोलेर’ हे उन्हात लावायचे तेल त्याच सुमारास विक्रीस आणले, यात त्याची व्यापारी नजर दिसून येते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील इंग्लंडमधील हकीकत तर मोठी मौजेची आहे. रेशीम हवाईछत्र्यांच्या कामी लागल्यामुळे पायमोजे दुर्मीळ झाले. मग स्त्रियांनी पायांना तपकिरी द्रव फासला, तोही न मिळाल्यास चहाचे पाणी चोळले, आणि पोटरीच्या मागे भुवयांच्या पेन्सिलीने एक सरळ रेघ ओढून मोज्याची शिवणही रंगवली. कातडीला उन्हाचा वर्ण बाहेरून देता येतो, ही गोष्ट त्या टंचाईने घरोघरी शिकवली. पुढे १९५०च्या दशकात अमेरिकेतील सिनसिनाटी येथे ईव्हा विट्गेन्स्टाइन या संशोधिकेला असे आढळले की लहान मुलांना तोंडाने दिले जाणारे डायहायड्रॉक्सीॲसिटोन नावाचे औषध त्यांच्या अंगावर सांडले म्हणजे तेथे तपकिरी डाग पडतो. त्वचेच्या अगदी वरच्या मृत थरातील अमिनो आम्लांशी त्याची जी रासायनिक क्रिया होते, तीच क्रिया तव्यावरची भाकरी खरपूस होताना घडत असते. त्यातून काही तासांत त्वचा रापल्यासारखी दाखवणारी आणि आठवड्याभरात आपोआप उतरणारी मलमे निघाली. ब्रॉन्झर हा या मलमांचा जातभाई असला तरी त्याची रीत निराळी आहे: तो त्वचेशी कोणतीही क्रिया करीत नाही, केवळ वर बसतो आणि रात्री पाण्याने निघून जातो. १९८४ साली गेर्लां या जुन्या फ्रेंच अत्तरवाल्यांनी ‘टेराकोटा’ नावाची डबी काढली, आणि या प्रकारच्या पुडीला तिचा आजचा दर्जा बहुतांशी तिच्यामुळे प्राप्त झाला. एव्हाना उन्हाची दुसरी बाजूही उघड होऊ लागली होती. ऑस्ट्रेलियात १९८१ पासून ऊन टाळण्याची जाहीर मोहीम सुरू झाली, आणि २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने कृत्रिम रीतीने कातडी रापवणाऱ्या यंत्रांना निश्चित कर्ककारकांच्या यादीत बसवले. रापलेपणाची प्रतिष्ठा कायम राहिली, आणि ऊन मात्र संशयित ठरले. हा पेच सोडवण्याला डबीतल्या उन्हाइतका सोयीचा मार्ग दुसरा कोणता असणार?

आपल्याकडे या इतिहासातील एकही पायरी घडली नाही. येथे ऊन कधी दुर्मीळ नव्हते, रापलेपण कधी रिकामपणाची खूण झाले नाही, आणि विवाहविषयक जाहिरातींत ‘गोरी’ किंवा निदान ‘निमगोरी’ या विशेषणांचा अंमल अजून पुरता उठलेला नाही. १९७५ साली बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ला आपल्या नावातील गोरेपणाचा शब्द गाळण्यास २०२० साल उजाडावे लागले. तेव्हा परदेशी किनाऱ्यावर फिकट त्वचेसाठी घडवलेली ही युक्ती गव्हाळ आणि सावळ्या चेहऱ्यांना कशी लागू पडते, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर त्वचेच्या घडणीत आहे, आणि काही अंशी आपण त्वचेवर आधी काय थापतो यातही आहे.

माणसाच्या त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य ज्या पेशी बनवतात, त्यांची संख्या गोऱ्या व काळ्या माणसांत जवळपास सारखीच असते. फरक असतो तो त्या पेशी किती, कोणत्या जातीचे आणि केवढ्या कणांचे रंगद्रव्य बनवतात यात. अमेरिकेतील त्वचातज्ज्ञ टॉमस फिट्झपॅट्रिक याने उन्हाला त्वचा कसा प्रतिसाद देते यावरून तिचे जे वर्ग पाडले, त्यांत बहुसंख्य भारतीय चौथ्या-पाचव्या वर्गात बसतात, म्हणजे ते सहसा भाजत नाहीत, पण रापतात मात्र लवकर. शिवाय आपली त्वचा सर्वत्र एकाच रंगाची नसते. कपाळ व कानशिले गालांपेक्षा गडद असतात, ओठांभोवती थोडी काळसर छटा असते, गालांवर रक्ताची किंचित लाली असते, आणि हा असमानपणाच चेहऱ्याला चेहरा बनवीत असतो. आता होते असे की फाउंडेशनचा एकसारखा थर दिला म्हणजे डागांबरोबर हा सगळा तपशीलही पुसला जातो. चेहरा स्वच्छ दिसतो, पण सपाटही दिसतो, आणि त्यातून फाउंडेशन गळ्यापेक्षा एक छटा उजळ निवडण्याची आपली जुनी खोड असेल तर तो मुखवट्यासारखा दिसू लागतो. पुसून टाकलेली ऊब आणि उठाव परत आणण्याचे काम आपल्या वर्णाच्या स्त्रीसाठी ब्रॉन्झर करतो. ज्या चेहऱ्यावर फाउंडेशन मुळातच पातळ आहे, त्याला ब्रॉन्झरही नखभरच पुरतो. आणि ज्यावर काहीच लावलेले नाही, त्याला कित्येकदा त्याची गरजच नसते, हे सांगण्याचे धाडस विक्रेते करीत नाहीत म्हणून येथे सांगून टाकतो.

डबीत असते तरी काय? रंगाचा सगळा भार लोखंडाच्या ऑक्साइडांवर असतो: तांबडे, पिवळे आणि काळे अशा तीन जातींची ती ऑक्साइडे निरनिराळ्या प्रमाणात मिसळून तपकिरीच्या हव्या त्या छटा साधल्या जातात. यातील तांबडे म्हणजे रासायनिक दृष्ट्या आपला गेरू, आणि पिवळे म्हणजे पिवडी. विजेचे दिवे येण्यापूर्वीच्या मराठी नाटकमंडळ्यांच्या रंगपेटीत सफेद्याच्या आणि हिंगुळाच्या शेजारी पिवडीला मानाची जागा होती, तेव्हा पॅरिसच्या डबीतील माती आपल्याला अगदीच परकी आहे असे नाही. गोव्याच्या आणि सिंधुदुर्गातील रेडीच्या खाणींतून निघणारे तांबडे खनिजही हेच ऑक्साइड. परंतु खाणीतील मातीत शिसे व सोमल यांचा अंश असू शकत असल्यामुळे प्रसाधनांसाठी ही रंगद्रव्ये आता कारखान्यात कृत्रिम रीतीने बनवली जातात. प्रसाधनांतील रंगांमध्ये शिसे दशलक्ष भागांत २० भागांपेक्षा आणि सोमल २ भागांपेक्षा अधिक असू नये, असा आपल्या कायद्याचाही दंडक आहे. बाकी मऊपणासाठी शंखजिरे, पूड चिकटून राहावी म्हणून धातूंचे स्टिअरेट, आणि चमकेसाठी अभ्रक.

या अभ्रकाविषयी दोन शब्द अधिक लिहिणे प्राप्त आहे. त्याच्या पातळ पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा सूक्ष्म थर चढवला म्हणजे प्रकाश त्यावरून मोत्यासारखा परावर्तित होतो. कण बारीक असल्यास त्वचा तुकतुकीत दिसते, मोठे असल्यास जरीची भुकटी उधळल्यासारखी. झारखंडमधील कोडरमा व गिरिडीह आणि त्यांना लागून असलेला बिहारचा मुलूख जगाला पुष्कळसे अभ्रक पुरवतो, व तेथील सोडून दिलेल्या खाणींतून मुलांकडून अभ्रकाचे तुकडे वेचून घेतले जातात, याचे पुरावे वारंवार पुढे आलेले आहेत. खरेदीदार कंपन्यांनी २०१७ साली पॅरिस येथे या प्रश्नासाठी एक संयुक्त संस्था उभारली, आणि काही उत्पादकांनी प्रयोगशाळेत तयार केलेल्या कृत्रिम अभ्रकाचा आश्रय घेतला. डबीच्या पाठीवर घटकांची यादी छापलेली असते. ती वाचण्याची तसदी घेणाऱ्यास कृत्रिम अभ्रक वापरले आहे किंवा कसे, एवढे तरी कळू शकते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. सर्वांत मोठा घोटाळा होतो तो ब्रॉन्झर आणि कंटूर यांच्यात. माध्यान्हीच्या सुमारास सूर्य डोक्यावर असताना कपाळाचा वरचा भाग, गालांच्या हाडांचा माथा, नाकाचा कणा आणि हनुवटीचे टोक यांवर ऊन पडते; गालाच्या हाडाखालची खोलगट जागा आणि जबड्याची खालची कड सावलीत राहते. ब्रॉन्झर उन्हाच्या जागी लावायचा, कंटूर सावलीच्या. म्हणूनच कंटूरचा रंग थंड व किंचित राखट असतो, कारण सावली तशी असते, आणि ब्रॉन्झरमध्ये पिवळ्या-तांबड्याची ऊब असते, कारण उन्हाने मेलॅनिन वाढते तशा रक्तवाहिन्याही फुलतात. ऊबदार पुडीने गाल खोल करू गेल्यास तेथे मळ साचल्यासारखा पट्टा उठतो. लग्नाच्या अनेक छायाचित्रांतून असे पट्टे अमर झालेले आहेत. कानशिलापासून निघून गालाच्या हाडावर यावे, तेथून मागे वळून जबड्याच्या कडेला जावे, म्हणजे चेहऱ्याच्या एका बाजूस तीनचा आकडा उमटतो, अशी एक सोपी रीत सर्वत्र शिकवली जाते. नवशिकीला ती उपयोगी आहे. मात्र जबड्याकडचा फराटा केवळ चेहरा आणि गळा यांचा सांधा बेमालूम जुळावा यासाठी असतो, म्हणून तो सर्वांत फिका हवा.

ब्रश मोठा, सैल केसांचा आणि मऊ असावा. तो पुडीवर एकदाच अलगद टेकवून, दांडी मनगटावर आपटून जादा पूड झाडून टाकावी, आणि पहिला स्पर्श केसांच्या रेषेजवळ, कानशिलापाशी करावा. कारण ब्रश जेथे प्रथम टेकतो तेथे सर्वाधिक रंग उतरतो, आणि कडेला गडद होऊन आत विरत जाणारा रंगच स्वाभाविक वाटतो. पुढे लहान वर्तुळांत हात फिरवीत गालाच्या हाडावर यावे, ब्रशवर उरलेला अंश नाकाच्या कण्यावर आणि हनुवटीवर निसटता लावावा. एका दाट थरापेक्षा दोन-तीन विरळ थर बरे. मलमासारखा प्रकार वापरावयाचा तर तो पावडर बसवण्यापूर्वी बोटांनी किंवा स्पंजाने टिपून लावावा. पावडरीवर मलम फिरवल्यास दोन्ही गोळा होतात. लाली लावायची ती यानंतर, ब्रॉन्झरच्या किंचित आत आणि त्यावर थोडी चढवून, म्हणजे दोन रंगांची सीमा ओळखू येत नाही.

छटेची निवड हा मात्र खरा नाजूक मामला आहे. आपल्या त्वचेपेक्षा एक किंवा फार तर दोन छटा गडद, हा सर्वसाधारण नियम निमगोऱ्या आणि गव्हाळ वर्णास ठीक चालतो. अशांनी बदामी किंवा मधाळ तपकिरी घ्यावा, आणि नारिंगीकडे झुकणारा टाळावा. सावळ्या वर्णाची अडचण उलटी असते: फिकट त्वचेसाठी बनवलेल्या पुडीत पांढरे टायटॅनियम डायऑक्साइड पुष्कळ असल्यामुळे ती सावळ्या गालावर उठून न दिसता राखेचा हात फिरवल्यासारखी दिसते. तेथे विटकरी किंवा तांबूस चॉकलेटी, रंगद्रव्याने समृद्ध अशी पूड हवी, आणि ती वापरणाऱ्या सावळ्या चेहऱ्यावर जी तकाकी येते ती गोऱ्या चेहऱ्यावर क्वचितच साधते, असे माझे मत आहे. मनगटावरच्या शिरा हिरव्या की निळ्या हे पाहून त्वचेची अंतश्छटा ठरवण्याची जी चाचणी सांगितली जाते, ती आपल्या वर्णावर फारशी विश्वसनीय नाही. त्यापेक्षा जबड्याच्या कडेवर पुडीचा बोटभर पट्टा ओढून दुकानाच्या दाराशी, दिवसाच्या उजेडात, गळ्याच्या रंगाशी ताडून पाहावा; दुकानातील पांढऱ्या दिव्यांखाली तपकिरीतील तांबडा अंश लोपतो आणि घरी आल्यावर निराळाच रंग निघतो.

ज्यांच्या गालांवर वांग आहे, त्यांनी गालाच्या माथ्यावर ब्रॉन्झर लावू नये, कारण वांगाची जागा आणि त्याची जागा एकच असल्याने डाग अधिक ठळक होतो. कानशिले आणि कपाळाची कड एवढ्यावर भागवावे. मुरुमांचे खड्डे असल्यास चमकदार प्रकार वर्ज्य, कारण चमक प्रत्येक उंचवटा दाखवते. कोकणच्या किंवा मुंबईच्या दमट हवेत मलमाचा प्रकार दुपारपर्यंत ओघळतो, तेथे मॅट पूडच बरी; देशावरच्या कोरड्या हिवाळ्यात तीच पूड पापुद्रे धरते आणि मलम शोभते. रंग तपकिरी असला तरी ब्रॉन्झर उन्हापासून संरक्षण करीत नाही, तेव्हा सनस्क्रीन आधी लावून ते त्वचेत मुरू द्यावे, मगच बाकीचा साज.

खर्चाचे म्हणाल तर महाग व स्वस्त डब्यांतील रंगद्रव्ये एकाच कुळातील असतात. किमतीतला फरक पूड किती बारीक दळली आहे यात, आणि त्याहून अधिक डबीच्या झाकणात असतो. म्हणून मध्यम किमतीची पूड आणि चांगला ब्रश ही विभागणी मला शहाणपणाची वाटते. ब्रश सौम्य साबणाने नियमित धुऊन, केस खाली राहतील असा वाळवावा, नाही तर पाणी दांड्यात उतरून केस सुटू लागतात. उघडल्यानंतर किती महिने वापरावे, याचा आकडा डबीवर उघड्या बरणीच्या चित्रात दिलेला असतो. पुडीच्या प्रकाराला तो बहुधा २४ असतो, मलमाच्या प्रकाराला १२. रोज एका हाताने लावणाऱ्या स्त्रीची पूड तेवढ्या मुदतीत सहसा संपत नाही, यासाठी पहिली खरेदी लहान डबीचीच करावी.